शांततेचा निबंध: अमेरिकेतील एका स्पर्धेची वाटचाल

शांतता कशी नांदेल या प्रश्नावर निबंध मागवायचे आणि उत्तम निबंधाला बक्षीस द्यायचे, ही प्रथा युरोपातील विद्वत्सभांमधून आली. अठराव्या शतकात तिथल्या अकादमी दरवर्षी एखादा प्रश्न जाहीर करत आणि त्यावर लेखन मागवत. फ्रेंच अकादमीने १७६६ मध्ये शांततेचे फायदे हा विषय दिला. युद्धाच्या नासाडीबद्दल वाचणाऱ्याच्या मनात तिटकारा निर्माण व्हावा आणि राष्ट्रांनी एकत्र यावे, अशी त्यामागची अपेक्षा होती. पुढच्या वर्षी ज्यां-फ्रांस्वा द ला हार्प या तरुण लेखकाचा निबंध पारितोषिकास पात्र ठरला. त्या काळात असे लेखन हे प्रौढ, शिकलेल्या आणि बहुधा नाव कमावू पाहणाऱ्या पुरुषांचे काम होते. शाळकरी मुलांना हा प्रश्न विचारावा, असे कोणाच्या मनात आले नव्हते. ती कल्पना रुजली अमेरिकेत, आणि तिथवर पोचायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

अमेरिकेतील शांतता चळवळीचा आरंभ १८१५ चा. नेपोलियनची युद्धे आणि इंग्लंड-अमेरिका युद्ध नुकतेच संपले होते. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड लो डॉज या व्यापाऱ्याने आणि मॅसॅच्युसेट्समध्ये नोआ वुस्टर या धर्मोपदेशकाने शांतता मंडळे स्थापन केली. अशा विखुरलेल्या मंडळांना विल्यम लॅड यांनी १८२८ मध्ये ‘अमेरिकन पीस सोसायटी’ या नावाखाली एकत्र आणले. लॅड हार्वर्डचे पदवीधर होते. काही काळ जहाजाचे कप्तान होते आणि पुढे मेन राज्यात शेती करत होते. राष्ट्राराष्ट्रांतले तंटे सोडवण्यासाठी राष्ट्रांची एक परिषद आणि एक न्यायालय असावे, हा विचार त्यांनी आयुष्यभर लावून धरला. तो लोकांपुढे नेण्यासाठी संस्थेने निबंधांना बक्षीस लावले. सुरुवातीची रक्कम किरकोळ होती. १८३० च्या दशकात देणगीदारांमुळे ती ५०० आणि मग १,००० डॉलरपर्यंत वाढली. त्या काळच्या मानाने ही मोठीच रक्कम होती.

सुमारे ४० निबंध आले. परीक्षक नामवंत कायदेपंडित होते, पण सर्वोत्तम निबंध कोणता यावर त्यांचे एकमत होईना. काही निबंधांत रक्कम वाटून द्यावी असे त्यांनी सुचवले, तर ते अटींत बसेना. दुसरे परीक्षक मंडळ नेमले, तरी निकाल लागला नाही. अखेर संस्थेने त्यांतले पाच निबंध निवडून १८४० मध्ये बॉस्टनहून एका मोठ्या ग्रंथात छापले. उरलेल्या, म्हणजे नापसंत ठरलेल्या निबंधांचे सार काढून लॅड यांनी स्वतः सहावा निबंध लिहिला. मुत्सद्द्यांची परिषद आणि न्यायाधीशांचे न्यायालय ही दोन अंगे एकमेकांपासून वेगळी ठेवावीत, एवढीच कल्पना आपली, बाकी सगळे स्पर्धकांचे, असे त्यांनी नमूद केले. पुढच्याच वर्षी, १८४१ मध्ये, ते वारले. पाच निवडक निबंध विस्मरणात गेले. नाकारलेल्यांच्या सारावर उभा राहिलेला सहावा निबंध मात्र टिकला. पहिले महायुद्ध पेटलेले असताना, १९१६ मध्ये, कार्नेगी संस्थेने तो पुन्हा छापला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या कल्पनेचा इतिहास लिहिणारे आजही त्याच्यापाशी थांबतात.

या पहिल्या टप्प्यात प्रश्न अवाढव्य होता आणि उत्तर देणारे मोजके. साऱ्या राष्ट्रांची घडी कशी बसवावी हे विचारायचे आणि उत्तर कायदेपंडितांकडून किंवा धर्मोपदेशकांकडून घ्यायचे, अशी रीत होती. लंडनच्या शांतता संस्थेनेही तीच वाट धरली. १८४१ मध्ये मॅक्‌नमारा यांचा निबंध पारितोषिक मिळवून प्रसिद्ध झाला. अमेरिकेत यादवी युद्धाने चळवळीचा कणा मोडला. गुलामगिरी नष्ट करायची तर युद्ध अटळ आहे, असे मानणाऱ्यांत अनेक जुने शांततावादी होते. त्यानंतर काही दशके स्पर्धा मागे पडल्या.

विसाव्या शतकाच्या तोंडावर वारे फिरले. १८ मे १८९९ रोजी हेग येथे पहिली शांतता परिषद भरली आणि तिच्यातून आंतरराष्ट्रीय लवादाची कायम यंत्रणा उभी राहिली. शांतता हा आता स्वप्नाळू लोकांचा विषय न राहता वकील, उद्योगपती आणि शिक्षक यांचाही झाला. न्यूयॉर्क राज्यातील मोहॉन्क सरोवराकाठी आल्बर्ट स्मायली यांच्या हॉटेलात १८९५ पासून दरवर्षी लवादावर परिषद भरत असे. या परिषदेतर्फे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी निबंधाचे बक्षीस सुरू झाले. ते देणारा चेस्टर पग्ज्ली त्या वेळी स्वतःच हार्वर्डचा विद्यार्थी होता.

विद्यार्थ्यांच्या स्पर्धेला खरे बळ मिळाले ते इंडियानातील छोट्या धार्मिक महाविद्यालयांकडून. क्वेकर आणि मेनोनाइट हे पंथ शस्त्र हाती घेणे धर्मबाह्य मानतात. मेनोनाइटांच्या गोशेन कॉलेजात १९०५ मध्ये अशा महाविद्यालयांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांच्यातून ‘इंटरकॉलेजिएट पीस असोसिएशन’ जन्माला आली. क्वेकरांचे अर्लम कॉलेज त्यात पुढे होते. या संस्थेची स्पर्धा वक्तृत्वाची होती, पण तेव्हाचे वक्तृत्व म्हणजे आधी लिहून, घासूनपुसून, पाठ केलेला निबंधच. महाविद्यालयातून राज्यात आणि राज्यातून पुढच्या फेरीत, अशी चढती रचना तिने बसवली. पुढच्या अनेक शांतता स्पर्धांतही अशीच पायऱ्यांची रचना दिसते. १९१४ मध्ये विजेत्या भाषणांचा संग्रहही निघाला. बक्षिसांसाठी मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्डच्या सीबरी भगिनींनी पैसे दिले.

हायस्कूलच्या वर्गापर्यंत ही प्रथा नेली फॅनी फर्न अँड्रूज यांनी. बॉस्टनच्या या शिक्षिकेने १९०८ मध्ये ‘अमेरिकन स्कूल पीस लीग’ स्थापन केली. शाळांची पाठ्यपुस्तके छापून श्रीमंत झालेले प्रकाशक एडविन जिन यांनी १९१० मध्ये ‘वर्ल्ड पीस फाउंडेशन’ काढले आणि तिथून लीगला आर्थिक साहाय्य मिळू लागले. हेग परिषदेचा वर्धापनदिन म्हणून १८ मे हा दिवस शाळांनी ‘शांतता दिन’ म्हणून पाळावा, असा लीगचा आग्रह होता. त्या दिवशी काय म्हणावे, काय वाचावे, याची पुस्तिका अँड्रूज यांनी तयार केली आणि १९१२ मध्ये ती केंद्र सरकारच्या शिक्षण विभागाने छापली. सरकारी छाप बसल्यामुळे हा विषय देशभरच्या शिक्षकांच्या टेबलावर पोचला.

लीगची निबंध स्पर्धाही सीबरी भगिनींच्याच नावाने चाले. तिच्यात दोन गट होते. एक अध्यापक विद्यालयांच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांचा, दुसरा माध्यमिक शाळांच्या शेवटच्या वर्गाचा. प्रत्येक गटात ७५, ५० आणि २५ डॉलर अशी तीन बक्षिसे होती. भावी शिक्षकांना शाळांचे शांततेबाबतचे कर्तव्य विचारले जाई. शाळेतल्या मुलांना अमेरिकेने आंतरराष्ट्रीय शांततेला काय हातभार लावला, असा विषय असे. पुढे इतर देशांतल्या विद्यार्थ्यांनाही स्पर्धा खुली झाली.

अँड्रूज यांची भूमिका त्या काळात वेगळी होती. शांतता ही करारांवर सही करणाऱ्यांची बाब आहे, तशीच ती सवयीचीही आहे आणि सवय लहानपणीच लागते, असे त्या मानत. लीगने १९१४ मध्ये प्रसिद्ध केलेला नागरिकत्वाचा अभ्यासक्रम याच पायावर रचला होता. पहिलीच्या मुलाने घरापासून सुरुवात करायची, मग शाळा आणि खेळाचे मैदान, मग शेजार, मग गाव किंवा शहर, मग देश आणि सर्वांत शेवटी जग. लॅड यांच्या काळी विचार जगापासून सुरू होई. इथे तो उंबऱ्यापासून सुरू झाला.

त्याच वर्षी युरोपात महायुद्ध भडकले. १९१७ मध्ये अमेरिका त्यात उतरली आणि शांतता हा शब्दच संशयास्पद झाला. शाळेत शांतता शिकवणे म्हणजे मुलांना भित्रे करणे, असे आरोप होऊ लागले. १९१८ मध्ये लीगने नावातून ‘पीस’ काढून ‘सिटिझनशिप’ घातले. काम बरेचसे तेच राहिले, पाटी बदलली.

युद्धानंतर स्पर्धेचे सर्वांत भव्य रूप पाहायला मिळाले. ‘लेडीज होम जर्नल’चे माजी संपादक एडवर्ड बॉक यांनी जुलै १९२३ मध्ये १,००,००० डॉलरचे ‘अमेरिकन पीस अवॉर्ड’ जाहीर केले. जगात शांतता राखण्यासाठी अमेरिकेने इतर राष्ट्रांशी कसे सहकार्य करावे, याची अमलात येण्याजोगी योजना ५,००० शब्दांच्या आत लिहायची होती. निम्मी रक्कम निवड होताच मिळणार होती. उरलेली अर्धी सिनेटची मान्यता किंवा जनतेचा पुरेसा पाठिंबा मिळाल्यावर. माजी परराष्ट्रमंत्री एलिहू रूट परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते. २२,१६५ योजना आल्या. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीही एक योजना लिहिली होती. पण पत्नी एलिनॉर स्पर्धेच्या कामात सहभागी असल्याने त्यांनी ती पाठवली नाही.

जानेवारी १९२४ मध्ये निकाल लागला. ब्रुकलिनच्या अडेल्फी कॉलेजचे पहिले अध्यक्ष चार्ल्स लेव्हरमोर विजयी झाले. अमेरिकेने आंतरराष्ट्रीय न्यायालयात सामील व्हावे आणि सदस्य न होताही राष्ट्रसंघाशी (लीग ऑफ नेशन्सशी) सहकार्य करावे, हे त्यांच्या योजनेचे सूत्र. वृत्तपत्रांतून मतपत्रिका छापून लोकांचा कौल घेतला गेला. सहा लाखांहून अधिक मते पडली आणि त्यांतली जवळपास ८७ टक्के योजनेच्या बाजूची होती. सिनेटमध्ये मात्र खळबळ उडाली. पैशाच्या जोरावर परराष्ट्र धोरण वळवण्याचा हा प्रयत्न आहे, असे काही सदस्यांना वाटले आणि बॉक यांना चौकशी समितीपुढे जाऊन उत्तरे द्यावी लागली. पुढे १९३५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात सामील होण्याचा ठराव सिनेटपुढे आला. बाजूने ५२ आणि विरोधात ३६ मते पडली. दोन तृतीयांश बहुमत न मिळाल्याने तो पडला. निबंधाच्या बक्षिसाने लोकमत जागे करता येते, धोरण बदलता येतेच असे नाही, हा या प्रकरणाचा धडा.

बॉक यांच्या भव्य प्रयोगानंतर प्रौढांसाठीच्या मोठ्या बक्षिसांची लाट ओसरत गेली. त्याच दशकात राफाएल हर्मन यांनी शिक्षणातून शांतता या विषयावरील योजनेला २५,००० डॉलर ठेवले आणि ते स्टॅनफर्ड विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष डेव्हिड स्टार जॉर्डन यांना मिळाले. प्रश्न तोच असला तरी उत्तराची अपेक्षा आता शाळेकडून होती. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘लीग ऑफ नेशन्स असोसिएशन’ने हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रसंघावर देशव्यापी स्पर्धा परीक्षा सुरू केली. अमेरिका राष्ट्रसंघाची सदस्य कधीच झाली नाही, पण तिची मुले त्याच्या रचनेवर उत्तरे लिहीत होती आणि विजेत्याला जिनिव्हाची सफर घडत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ही स्पर्धा संयुक्त राष्ट्रांवर घेतली जाऊ लागली.

शीतयुद्धाच्या पहिल्या दशकांत शांतता हा शब्द पुन्हा डावेपणाचा वास येणारा ठरला. तरी जुन्या शांततावादी पंथांनी धागा तोडला नाही. इंडियानातील मँचेस्टर कॉलेजात १९४८ मध्ये शांतता अभ्यासाचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. मेनोनाइट महाविद्यालयांत १९७४ मध्ये इतिहासकार सी. हेन्री स्मिथ यांच्या स्मरणार्थ शांततेवरील वक्तृत्व स्पर्धा सुरू झाली. १९०५ ची गोशेनची परंपराच तिच्यात पुढे चालू राहिली.

याच काळात ‘शांतता घडवणे’ या शब्दांचा अर्थ बदलत होता. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९७६ मध्ये ‘कम्युनिटी बोर्ड्‌स’ हा उपक्रम सुरू झाला. शेजाऱ्याशेजाऱ्यांतले तंटे कोर्टात न नेता प्रशिक्षित रहिवाशांसमोर मांडून मिटवायचे, ही त्याची पद्धत. १९८० च्या दशकाच्या आरंभी ती शाळांत आली. भांडणाऱ्या दोन मुलांमध्ये त्यांच्याच वयाचा मध्यस्थ बसू लागला. दोघांना आपापली बाजू न अडवता मांडू द्यायची, समोरच्याने ती आपल्या शब्दांत परत सांगायची आणि मग दोघांनी मिळून तोडगा काढायचा, असे या मध्यस्थीचे ढोबळ नियम. याच सुमारास अणुयुद्धाची भीती शिगेला पोचली होती. १२ जून १९८२ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये अण्वस्त्रांविरुद्ध लाखो लोक जमले. एकीकडे जगाच्या विनाशाचा प्रश्न आणि दुसरीकडे वर्गातल्या बाकावरचे भांडण, या दोन टोकांना जोडणारे लेखन मुलांकडून मागवावे, असे अनेक संस्थांना वाटू लागले.

सरकारी पातळीवर याला रूप आले ते १९८४ च्या कायद्याने. हवाईचे सिनेटर स्पार्क मात्सुनागा यांनी राष्ट्रीय शांतता अकादमीसाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या या सैनिकाच्या प्रयत्नांना फळ आले आणि अध्यक्ष रेगन यांच्या सहीने ‘युनायटेड स्टेट्स इन्स्टिट्यूट ऑफ पीस’ अस्तित्वात आली. गंमत अशी की शांतता संस्थेचा कायदा संरक्षण खात्याच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या विधेयकात जोडलेला होता. या संस्थेने १९८७ मध्ये ‘नॅशनल पीस एसे काँटेस्ट’ सुरू केली. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी ती २०१४ पर्यंत चालली.

या स्पर्धेची घडी काटेकोर होती. निबंधाची मर्यादा साधारण १,५०० शब्दांची. विषय दरवर्षी नवा, आणि बहुतेक वेळा विद्यार्थ्याने दोन वेगवेगळ्या संघर्षांची तुलना करायची. नैसर्गिक साधनसंपत्ती आणि संघर्ष, तरुण आणि हिंसा, युद्धानंतर समाजाची पुनर्बांधणी, शांततेच्या कामात स्त्रियांचे स्थान, नव्या माध्यमांचा परिणाम, असे विषय येऊन गेले. संदर्भ देणे सक्तीचे होते. शाळेतला एखादा शिक्षक समन्वयक म्हणून काम पाहत असे. आधी राज्यपातळीवर निवड होई. राज्यांखेरीज राजधानीचा प्रदेश, बाहेरील प्रदेश आणि परदेशातल्या अमेरिकी विद्यार्थ्यांचाही त्यात समावेश असे. राज्याच्या विजेत्याला १,००० डॉलरची शिष्यवृत्ती मिळे. राष्ट्रीय पातळीवर १०,०००, ५,००० आणि २,५०० डॉलर. राज्यांचे विजेते काही दिवस वॉशिंग्टनला एकत्र येत. तिथे त्यांना एखाद्या खऱ्या संघर्षातील पक्षांच्या भूमिका वाटून दिल्या जात आणि वाटाघाटी करून तोडगा काढायला सांगितले जाई. कागदावर सोपा वाटणारा समेट टेबलावर बसल्यावर किती अवघड असतो, हे इथे कळे. लेखनाला कृतीची जोड देणारा हा भाग जुन्या कोणत्याही स्पर्धेत नव्हता.

२०१४ नंतर संस्थेने आपली वेगळी स्पर्धा बंद केली आणि परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्यांच्या संघटनेची, म्हणजे ‘अमेरिकन फॉरेन सर्व्हिस असोसिएशन’ची हायस्कूल निबंध स्पर्धा पुढे चालवायला हातभार लावला. तिच्यात मुत्सद्दी आणि शांततेसाठी झटणारे कार्यकर्ते एकत्र काम कसे करतात, याला महत्त्व दिले गेले.

राष्ट्रीय स्पर्धांच्या सावलीत स्थानिक स्पर्धांचे जाळे पसरले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जन्मदिनाची राष्ट्रीय सुटी १९८६ पासून सुरू झाली. जानेवारीतल्या त्या तिसऱ्या सोमवारच्या निमित्ताने गावोगावी निबंध मागवले जाऊ लागले. संयुक्त राष्ट्रांनी १९८१ मध्ये ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता दिनाला २००१ मध्ये २१ सप्टेंबर ही कायमची तारीख मिळाली आणि आणखी एक निमित्त मिळाले. रोटरी क्लब, चर्च, क्वेकर सभा, सार्वजनिक ग्रंथालये, मध्यस्थी केंद्रे अशा संस्था या स्पर्धा भरवतात. लायन्स क्लबने १९८८ मध्ये ११ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी शांततेवरची चित्रस्पर्धा सुरू केली, आणि तीही क्लबपासून जगापर्यंतच्या पायऱ्या चढते.

स्थानिक स्पर्धेत बक्षीस लहान असते आणि प्रश्नही जवळचा: आपल्या शाळेत, घरात किंवा वस्तीत झालेला एखादा तंटा कसा मिटला, कोणी मिटवला, त्यातून काय शिकता आले. निबंधावर नावाऐवजी क्रमांक असतो, म्हणजे ओळखीच्या गावात परीक्षकावर दडपण येत नाही. परीक्षक बहुधा निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल, वकील किंवा पत्रकार असतात. विजेत्याने ग्रंथालयाच्या किंवा चर्चच्या सभागृहात आपला निबंध स्वतः वाचून दाखवायचा, अशी पद्धत अनेक ठिकाणी आहे.

या प्रथेवर आक्षेपही आहेत. चांगली शाळा, घरी पुस्तके आणि मोकळा वेळ असलेल्या मुलाचे पारडे आधीच जड असते. ज्या वस्तीत हिंसा रोजची आहे, तिथल्या मुलाकडे सांगण्यासारखे बरेच असते, पण संदर्भसूचीसह १,५०० शब्द लिहिण्याची सवय नसते. शिवाय बक्षिसासाठी लिहिणारा परीक्षकाला आवडेल तेच लिहितो, आणि शांततेवरचा निबंध गुळगुळीत सुभाषितांची माळ होऊ शकतो. आयोजकांनी यावर वेगवेगळे उपाय शोधले. सुटा उपदेश टाळण्यासाठी एखादी प्रत्यक्ष घटना मागणे, संघर्षांची तुलना करायला लावणे, लेखनाच्या जोडीला वाटाघाटीचा सराव ठेवणे हे त्यांतले ठळक.

१८३० च्या दशकात १,००० डॉलरचे बक्षीस लावून राष्ट्रांच्या न्यायालयाचा आराखडा मागणारा प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीस शाळेच्या आवारातल्या भांडणापर्यंत खाली आला. त्याबरोबर उत्तर देणाऱ्यांचे वय उतरत गेले आणि संख्या वाढत गेली. या स्पर्धांमुळे एखादे युद्ध टळले, असे दाखवता येत नाही. त्यांनी जे केले ते मर्यादित होते. एका बाजूने विचार करण्याची सवय असलेल्या हजारो मुलांना दोन्ही बाजू कागदावर मांडायला बसवले. शांतता शिकवता येते, हे अँड्रूज यांचे म्हणणे बॉक यांच्या लाख डॉलरपेक्षा जास्त टिकले आहे.